रस्ता सांगणारे

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे येताना बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. आमच्या लहानपणी एस. टी. तिथे आली की उतारू खिडकीतून पैसा-दोन पैसे टाकीत आणि ड्रायव्हर एक हात चाकावर ठेवून दुसऱ्याने नमस्कार करी. लोककथा अशी की, इंग्रजांना घाटातून वर येण्याची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने मेंढरांमागून फिरताना माहीत झालेली वाट त्यांना दाखवून दिली. आणि वाट कळताच त्यांनी त्यालाच गोळी घातली. कागदोपत्री इतिहास सांगतो तो इतकाच की, १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. परंतु घाटात देऊळ आहे ते गव्हर्नराचे नव्हे, वाट सांगणाऱ्याचे आहे. लोकांनी आपल्यापरीने निवाडा करून टाकला आहे.

आज पंचाहत्तरीला टेकल्यावर या धनगराची मला वारंवार आठवण होते, त्याला कारण आहे. माझा बराचसा जन्म फटफटीवर गेला. फटफटी हा शब्द आता कोणी वापरीत नाही. परंतु ज्याने तो प्रथम उच्चारला त्याचा कान मोठा तिखट असला पाहिजे. २००२ साली पुरा झालेल्या द्रुतगती महामार्गावर दुचाकीला मज्जाव आहे, म्हणून फटफटीवाल्याला आजही शिंग्रोबासमोरूनच जावे लागते. मी जेव्हा जेव्हा तिथून गेलो, तेव्हा तेव्हा थांबलो. हात जोडले ते मात्र देवभोळेपणाने नव्हे. ‘बाबा रे, तू वाट सांगितलीस आणि प्राण गमावलास, मी वाट सांगितली आणि दुसऱ्याने भोगले,’ एवढेच मी मनातल्या मनात म्हणत असे. ते प्रकरण काय, ते ओघाने येईलच.

१९७५ ते ८५ या दहा वर्षांत आम्हा सहा-सात मित्रांचा पुण्यात एक कंपू होता. कोणी टेलिफोन खात्यात, कोणी शाळेत, कोणी छापखान्यात. रविवारी सकाळी एका इराण्याच्या हॉटेलात आम्ही जमत असू आणि दारात गाड्या ओळीने उभ्या राहत. बहुतेक म्हैसूरच्या कारखान्यातल्या जावा आणि येझदी, एखादी मद्रासची बुलेट. जावाची किक आणि गिअर एकाच दांड्याला. तो दांडा मागे वळवला की किक आणि पुढे वळवला की गिअर. नवख्या माणसाला हे कोडे सुटत नसे, आणि ते सुटू नये यातच आम्हाला भूषण वाटे.

तिथे दोनच विषय. एक, शर्यतींच्या बातम्या. आणि दोन, कोणता रस्ता चांगला. बातम्या ताज्या नसत. रद्दीच्या दुकानांतून विलायती साप्ताहिकांचे सुटे अंक मिळत, ते सहा-सहा महिने शिळे असत. छापखान्यातला मित्र ते वाचून दाखवी आणि आम्ही पावाचा तुकडा चहात बुडवून तसाच हातात धरून ऐकत बसू. रस्त्यांसाठी मात्र आम्ही एक चारशे पानी वही केली होती. जो जिथून जाऊन येई, त्याने त्या वहीत नोंद करायची. ‘कुंभार्ली : पाऊस उघडल्यावर जावे, डोळे निवतात.’ ‘आंबा घाट : धुक्यात सकाळी सातच्या आत.’ ‘कशेडी : पहाटे.’ चहा कुठे चांगला, पेट्रोल कुठे मिळते, पंक्चर काढणारा कोणत्या फाट्यावर बसतो, सगळे त्या वहीत होते. त्या वहीत एक गोष्ट मात्र नव्हती. ती कोणती, हे कळायला मला फार मोठी किंमत द्यावी लागली.

त्या शिळ्या अंकांतून आम्हाला ज्याचे वेड लागले ते एक बेट होते. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात ‘आइल ऑफ मॅन’ नावाचे सुमारे ५७२ चौरस किलोमीटरचे बेट आहे. साऱ्या जगात मोटारसायकलस्वारांची पंढरी म्हणावी अशी जागा हीच. तिथे शर्यतीसाठी वेगळे मैदान नाही. गावातला, शेतातला, डोंगरातला रोजचा रस्ताच काही तासांपुरता बंद करतात आणि त्याच्यावरूनच शर्यत होते. ज्या रस्त्याने सकाळी दूधवाला जातो, त्याच रस्त्याने दुपारी स्वार जीव मुठीत घेऊन धावतात.

असे का व्हावे, याचे कारण कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरवली, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत घेणे तर अशक्यच होते. आइल ऑफ मॅनला मात्र स्वतःची टिनवाल्ड नावाची पुरातन लोकसभा आहे. ब्रिटनच्या ऑटोमोबाइल क्लबचा चिटणीस ज्युलियन ऑर्ड तिथे गेला. बेटाचा गव्हर्नर लॉर्ड रॅगलन हा त्याचा नात्याने भाऊच लागत होता. भाऊबंदकी सगळीकडे वाईटच असते असे नाही! १९०४ साली टिनवाल्डने शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याचा कायदा केला. आधी मोटारी धावल्या. आणि २८ मे १९०७ रोजी मोटारसायकलींची पहिली ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत झाली. टी. टी. हे तिचे जगभर चालू असलेले नाव.

‘टूरिस्ट’ या शब्दात सारे मर्म आहे. सामान्य माणूस जी गाडी घेऊन प्रवासाला जाईल, तशाच गाड्यांची ही परीक्षा होती. म्हणून तेलावरही बंधन होते : एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल दिलेच पाहिजेत. सुमारे सोळा मैलांचा फेरा दहा वेळा घ्यायचा. पंचवीस स्वार निघाले. एका सिलिंडरच्या वर्गात मॅचलेस गाडीवर चार्ली कॉलियर जिंकला. त्याला चार तास आठ मिनिटे लागली, म्हणजे ताशी अडतीस मैलांच्या थोडा वर वेग पडला. आजच्या कॉलेजातल्या पोराला हसू येईल. पण त्या रस्त्यावर डांबर नव्हते हे त्याने ध्यानात घ्यावे.

दोन सिलिंडरच्या वर्गात नॉर्टन गाडीवर रेम फाउलर होता. वाटेत त्याचा टायर फुटला, तो आपटला, आणि आता पुरे म्हणून शर्यत सोडण्याच्या बेतात आला. तेव्हा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाने त्याला सांगितले की, बाबा, तू तर अर्ध्या तासाने पुढे आहेस! फाउलर उठला, पुन्हा निघाला आणि जिंकला. त्या प्रेक्षकाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. परंतु फटफटीवाल्यांची खरी परंपरा त्या अनाम माणसापासून सुरू होते असे मी मानतो. रस्त्याकडेला उभे राहायचे, आणि जाणाऱ्याला जे ठाऊक नाही ते सांगायचे.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये रस्ता सांगण्याचा एक मोठा मजेदार प्रकार चालू होता. मोटारवाल्यांना पकडण्यासाठी पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसत. त्यावर तोड म्हणून १९०५ साली ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ निघाली. तिचे सायकलवरचे सेवक पुढे पोलीस दबा धरून बसले आहेत अशी खूण करीत. सरकारने खटला भरला, आणि १९१० च्या सुमारास न्यायालयाने ठरवले की असा इशारा देणे हा गुन्हा आहे. तेव्हा असोसिएशनने युक्ती काढली. सेवकाने सभासदाला एरवी कडक सलाम ठोकायचा. मात्र पुढे धोका असेल तर सलाम ठोकायचाच नाही! सलाम मिळाला नाही की सभासदाने थांबून कारण विचारायचे. सलाम न केल्याबद्दल कोणावर खटला भरणार? हा किस्सा आमच्या कंपूत आम्ही इतक्यांदा सांगितला असेल की, त्याचा चोथा झाला होता. त्याचा अर्थ मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरला नव्हता.

१९११ साली टी. टी. मोठ्या डोंगरी मार्गावर गेली. पावणेअडतीस मैलांचा, म्हणजे सुमारे साठ किलोमीटरचा एक फेरा. दोनशेहून अधिक वळणे, आणि ६२१ मीटर उंचीच्या स्नेफेल डोंगराच्या कुशीतून जाणारी वाट. डोंगरावरचा भाग तेव्हा बैलगाडीच्या वाटेसारखा होता आणि मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून जागोजाग फाटके होती. सांगतात की, सरावाच्या वेळी सकाळी पहिल्याने जाणाऱ्या स्वाराने ती उघडायची आणि शेवटच्याने लावून घ्यायची, असा शिरस्ता होता. मला यातले सौजन्य फार आवडते. ज्याच्याशी तासाभराने शर्यत लावायची, त्याच्यासाठीच आधी फाटक उघडायचे!

चढणीसाठी गिअर हवेत. त्या वर्षी मोठ्या शर्यतीत पहिले तीनही क्रमांक पटकावले ते ‘इंडियन’ नावाच्या गाड्यांनी. नावावरून आम्ही कंपूतले लोक प्रथम हुरळून गेलो होतो. पण ही ‘इंडियन’ अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची निघाली. दोन गिअर आणि साखळी यांच्या जोरावर तिने पट्ट्यावर चालणाऱ्या विलायती गाड्यांना धडा शिकवला. आणि त्याच वर्षी त्या मार्गाने पहिला बळी घेतला. व्हिक्टर सरिज नावाचा तरुण स्वार सरावात ग्लेन हेलनजवळ मृत्यू पावला. तेव्हापासून आजवर त्या मार्गावर अडीचशेहून अधिक स्वारांनी प्राण सोडले आहेत.

हा आकडा लपवून या शर्यतीची थोरवी सांगणे हे पाप आहे. तेव्हा तो सांगतो, आणि मगच पुढे जातो.

शर्यत झाली की तिची बातमी घरोघर नेणारी माणसे हवीत. ‘द मोटर सायकल’ नावाचे साप्ताहिक १९०३ पासून निघत होते. त्यात ‘इक्सियन’ या टोपणनावाने एक गृहस्थ अनेक दशके लिहीत. ग्रीक पुराणात इक्सियन नावाचा राजा जळत्या चाकाला बांधलेला आहे, त्यावरून हे नाव घेतलेले. आणि हे गृहस्थ कोण? तर कॅनन बेसिल डेव्हिस, चर्चचे धर्मगुरू! आठवडाभर फटफटीच्या तेलात हात काळे करायचे आणि रविवारी प्रवचन द्यायचे. पुढे १९२७ साली, स्वतः टी. टी. जिंकलेल्या जेफ डेव्हिसनने ‘टी. टी. स्पेशल’ नावाचे खास पत्रच बेटावर काढले. शर्यतीच्या मैदानी फलकावर तर प्रत्येक स्वाराच्या नावाचे घड्याळ असे. तो कुठवर पोचला हे त्यावरचा काटा सांगे, आणि ते काटे फिरवायला बालवीर उभे असत. काटा थांबला की स्वाराच्या घरच्या माणसांच्या काळजाचा ठोका चुके. कारण तेल संपले, साखळी तुटली, की आणखी काही, हे काटा सांगत नसे.

या बातम्यांनी काय करावे, याचे एक उदाहरण सांगतो. जपानातल्या सोइचिरो होंडाने १९५४ साली जाहीर केले की, आपण टी. टी. मध्ये उतरणार. त्याचा कारखाना तेव्हा डबघाईला आलेला होता. १९५९ साली त्याचे स्वार बेटावर आले, १२५ सी. सी. च्या शर्यतीत सहावा, सातवा, आठवा आणि अकरावा क्रमांक मिळवून त्यांनी सांघिक बक्षीस नेले. १९६१ साली माइक हेलवुडने होंडावर १२५ आणि २५० सी. सी. च्या दोन्ही शर्यती जिंकल्या. ८५ सालानंतर आपल्याकडच्या गल्लीबोळांतून धावू लागलेली हिरो होंडा म्हणजे त्या डोंगरातल्या शर्यतीची लांबची नातच.

परंतु या साऱ्यापेक्षा मला अधिक शहाणपणाची वाटते ती त्या मार्गावरच्या वळणांची नावे. १९२३ साली वॉल्टर ब्रँडिश एका वळणावर पडला आणि त्याचा पाय मोडला. ते वळण ‘ब्रँडिश’ झाले. १९३२ साली वॉल हँडली पडला. तो कोपरा ‘हँडली’ झाला. १९२७ साली सरावाच्या वेळी रस्ते रहदारीला खुलेच असत. आर्ची बर्किन नावाचा स्वार भरधाव येत असता समोर मासळीची गाडी आली. तिला चुकवताना तो गेला. त्या वळणाला ‘बर्किनचे वळण’ म्हणू लागले आणि १९२८ पासून सरावालाही रस्ते बंद ठेवण्यात येऊ लागले. एक माणूस गेला, त्यातून एक नियम झाला आणि एक नाव उरले. म्हणजे त्या मार्गाचा नकाशा हीच एक पडणाऱ्यांची वही आहे. कोण जिंकला ते पुस्तकात. कोण कुठे पडला ते रस्त्यावर. नवा स्वार वळणांची नावे पाठ करतो तेव्हा तो नकळत सारे इशारेच पाठ करतो.

आणि आमच्या वहीत? चारशे पानांत आम्ही कोण कुठे पडलो याची एकही नोंद नव्हती. पडलो नव्हतो असे नाही. पण आपण पडलो हे स्वतःच्या अक्षरात लिहायचे कोणी?

आता शिरस्त्राणाची हकीकत. इंग्लंडात ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. फटफटीवरून पडलेल्यांच्या डोक्यांना होणाऱ्या जखमा पाहून त्यांनी एका कारागिराकडून कापडाची टोपी करून घेतली आणि ती लाखेने कडक केली. ही लाख त्या काळी मुख्यतः आपल्या देशातूनच जगभर जाई. आपल्या आयाबहिणींच्या हातातल्या बांगड्यांची तीच ही लाख. शर्यतीच्या चालकांनी आधी नाके मुरडली. पण १९१४ च्या टी. टी. त शिरस्त्राण सक्तीचे झाले. दरवर्षी शर्यतीनंतर मेंदूला धक्का बसलेले जे रुग्ण बेटावरच्या डॉक्टरांकडे येत, ते त्या वर्षी आले नाहीत, असे गार्डनरांना कळवण्यात आले. त्या वर्षीही एक स्वार शर्यत संपल्यावर अडसरावर आदळून गेला, हेही सांगितले पाहिजे. लाखेची टोपी म्हणजे काही अमरपट्टा नव्हे.

गंमत अशी की, शर्यतीतल्या स्वाराच्या डोक्यावर टोपी चढली, पण रस्त्यावरच्या माणसाचे डोके उघडेच राहिले. ते झाकायला एका प्रख्यात माणसाचा मृत्यू घडावा लागला. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १९२७-२८ साली हवाई दलात साधा शिपाई म्हणून कराचीला होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडे. त्याला ब्रफ सुपीरियर गाड्यांचे वेड. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात आपल्या घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी, बेशुद्धीतच, तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा तरुण शल्यविशारद होता. केर्न्सला ते मरण विसरता आले नाही. महायुद्धात निरोप पोचवणारे लष्करी स्वार अंधारात धडाधड मरू लागले, तेव्हा त्याने एकेक अपघात तपासला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. ब्रिटनच्या साऱ्या जनतेसाठी मात्र तो कायदा व्हायला १९७३ साल उजाडले. सांगितलेली गोष्ट माणसाच्या डोक्यात शिरायला इतका वेळ लागतो.

स्नेफेलच्या उतारावर, एका बाजूला दरी असलेली उजवीकडची चार वळणे एकापाठोपाठ येतात. त्यांचे नाव ‘व्हरांडा’. शब्द आपल्या घरातलाच, फिरत फिरत तिकडे गेलेला. ९ जून १९७२ रोजी पावसाधुक्यात तिथे गिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार मृत्यू पावला. त्याचा मित्र जाकोमो अगोस्तिनी याने एकूण दहा टी. टी. जिंकल्या, त्याने त्या वर्षानंतर पुन्हा त्या मार्गावर शर्यत केली नाही. इतरही मोठे स्वार दूर झाले, आणि १९७६ नंतर टी. टी. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतून बाहेर पडली. शर्यत आजही होते. शर्यतींच्या दिवसांतल्या रविवारी हजारो हौशी लोक त्याच रस्त्यावर आपापल्या गाड्या घालतात. त्याला ‘वेडा रविवार’ म्हणतात, आणि त्यातही माणसे जातात. म्हणून त्या दिवसांत डोंगरावरचा रस्ता एकेरी ठेवू लागले.

आमच्या कंपूत व्हरांड्याची ही बातमी वाचली गेली तेव्हा कोणीतरी म्हणाले, “तिकडे व्हरांडा, आपल्याकडे वरंधा!” आम्ही सारे हसलो. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट आमचा लाडका. वाघजाईच्या देवळाशी थांबावे, चहा घ्यावा, समोरची दरी डोळे भरून पाहावी. वहीत त्याची नोंद माझ्या हातची : ‘वरंधा : पावसाळा सरताच. सोने आहे.’

त्या सोन्यात एक खोट होती आणि ती मला ठाऊक होती. १९८२ साली, वाघजाईच्या खाली एका डाव्या वळणावर, डोंगरावरून वाहून आलेल्या मुरमावर माझी येझदी घसरली होती. गुडघा सोलवटला. घरी सांगितले, मोरीत पाय घसरला. कंपूत काहीच सांगितले नाही. मी म्हणजे घाटातला वाघ. वाघ पडत नसतो!

ऑक्टोबर १९८४. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा एकवीस वर्षांचा होता, नुकताच नोकरीला लागला होता. जुनी येझदी घेऊन तो माझ्याकडे आला. “मामा, महाडला मित्राकडे जायचे आहे. कोणत्या घाटाने जाऊ?” मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. रंगात येऊन अर्धा तास वरंध्याचे वर्णन केले. तो निघाला तेव्हा त्याचे डोके उघडे होते. मी पाठ थोपटून म्हटले, “वारा कसा लागतो ते बघ.” त्या मुरमाच्या वळणाविषयी मी अवाक्षर काढले नाही. सांगायला गेलो असतो, तर मी पडलो होतो हेही सांगावे लागले असते.

तो त्याच वळणावर पडला. एका ट्रकवाल्याने त्याला खाली महाडला पोचवले. चार दिवस शुद्ध नव्हती. पाचव्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि आईला हाक मारली. हातपाय धड, बोलणे धड, स्मरण धड. देवाने परत दिला, असे सारे म्हणाले.

दिवाळीच्या आदल्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात चकल्या तळणे चालले होते. तो पाटावर बसला होता. एकाएकी म्हणाला, “आई, आज तळणाचा वास कसा येत नाही?” घर खमंग वासाने भरले होते. तेव्हा कळले. डोक्याला मार बसला की कधीकधी नाकाकडून मेंदूकडे जाणारे बारीक धागे तुटतात, आणि ते पुन्हा जुळतीलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याचे जुळले नाहीत. उटणे, मोती साबण, फुलबाज्यांचा धूर, सगळी दिवाळी त्याच्या नाकापुरती त्या वळणावर राहिली. आजही त्याच्या घरी गॅस बंद आहे ना, हे बायको दोनदा बघते. त्याला गळतीचा वास कळत नाही.

त्या रात्री मी ताईला सगळे सांगितले. ८२ सालचे पडणे, मोरीची थाप, सारे. ती रडेल, बोलेल, असे वाटले होते. ती कढईखालचा जाळ कमी करीत एवढेच म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? पुढच्याला सांग.”

तेव्हा तो सलामाचा किस्सा मला प्रथम समजला. जिथे हात आवरायचा तिथे मी कडक सलाम ठोकला होता.

पुढच्या रविवारी मी वही घेऊन इराण्याकडे गेलो, आणि वरंध्याच्या नोंदीखाली लिहिले : ‘वाघजाईच्या खाली डावे वळण, मुरूम. मी इथे पडलो, १९८२.’ खाली सही केली. वही फिरत फिरत एकेकाकडे गेली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग शाळामास्तराने खिशातले पेन काढले आणि कुंभार्लीचे पान उघडले. त्या सकाळी सात जणांनी मिळून अकरा नोंदी केल्या. अकरा ठिकाणी आम्ही पडलो होतो आणि एकानेही दुसऱ्याला सांगितले नव्हते.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचे केले. आम्हा पुणेकरांनी त्या सक्तीविरुद्ध किती सभा घेतल्या, मोर्चे काढले, हे जगजाहीर आहे. अगदी २०१९ सालीसुद्धा. मान दुखते, ऐकू येत नाही, केस जातात. मी त्यांतल्या एकाही मोर्चाला गेलो नाही. केस तर माझे आधीच गेले होते.

कंपू आता राहिला नाही. तिघे वारले, दोघे मुलांकडे परदेशी. वही भाच्याकडे आहे. तोही साठीच्या पुढे गेला आहे. पण गाडी सुटलेली नाही, हेल्मेटसह. तरुण पोरे त्याच्याकडे रस्ता विचारायला येतात, तेव्हा तो आधी वळणे सांगतो आणि मग चहा कुठे चांगला ते सांगतो. पोरे कंटाळतात. कंटाळोत बापडी.

दर दिवाळीला मी त्याच्याकडे फराळाला जातो. तळण चालले की तो माझ्याजवळ येऊन बसतो आणि विचारतो, “मामा, सांगा.” मग मी सांगतो. आता ओवा पडला. आता तेल थोडे जास्त तापले आहे. आता भाजणीचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला, त्यात किंचित करपल्याचा आहे, कडेची एक चकली काळी झाली असणार. काही वगळीत नाही. तो डोळे मिटून ऐकत असतो.